बोट वर करा
मुलीच्या जुन्या हेडफोनचा फोम झडला की काळे कण उशीला चिकटतात, आणि मला भिवंडीतला कानाचा दवाखाना आठवतो. दोन हजार पाचच्या आसपास बाबांना तिथे नेलं होतं. जन्मभर कापड विणायच्या लूमवर काम केलेले बाबा रिक्षात वाटभर ओरडून बोलत होते आणि मी कानकोंडी होऊन "हळू बोला" म्हणत होते. काचेच्या खोलीत तपासणाऱ्या बाईंनी त्यांना हेडफोन घातले आणि आवाज आला की बोट वर करायला खुणेनं सांगितलं. दर वेळी बोट बरोबर वर गेलं, मी सुखावले. बाईंच्या मात्र लक्षात आलं की बाबांची नजर आवाज सोडायच्या बटणावरच्या बाईंच्या हातावर आहे. लूमच्या खडखडाटात माणसं एकमेकांचे ओठ आणि हात बघूनच बोलतात. बाईंनी बाबांची खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि त्या बटण दाबत राहिल्या. बाबा बोट तयार ठेवून ताठ बसले होते. शेवटी त्यांचा आवाज काचेबाहेर आला, "मॅडम, चालू करा नं. अजून काय वाजत न्हाय." बाहेरची माणसं हसली. उशी झटकताना आता आठवतं, रिक्षात मी "हळू बोला" म्हणत होते ते लाजून रस्त्याकडे तोंड फिरवून. माझे ओठ त्यांना दिसलेच नसतील.