कमलताईंचा बंधारा आणि माझा हेवा

श्रीमती कमलताई वानखडे यांची आणि माझी पहिली भेट वाशिमला, जलतरण तलावाच्या काठावर झाली. मी शाळेत क्रीडाशिक्षक, आणि उन्हाळ्यात तिथे पोहण्याचे शिबिर घेत असे. विद्यापीठाच्या स्पर्धांतली तीन पदके माझ्या नावावर होती. ताई आसेगावजवळच्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका. चपला बाहेर काढून, हातात वही घेऊन त्या तासभर कोपऱ्यात उभ्या होत्या. शिबिर सुटल्यावर जवळ आल्या.

"सर, एखादं पोरगं बुडून राह्यलं त तुमी पयले काय करता?"

"उडी मारतो," मी म्हणालो.

"अन् त्यानं तुमच्या मानीले मिठी मारली त?"

माझ्याकडे उत्तर होते, पण ते फार लांबले. ताईंनी वहीत काहीतरी टिपले, नमस्कार केला आणि त्या बस गाठायला निघून गेल्या. त्या दिवशी मला नुसता राग आला होता. हेवा नंतर सुरू झाला.

ताई हे विचारत का फिरत होत्या ते मला पुढे कळले. त्यांच्या गावात शेततळ्यात दोन बहिणी बुडून गेल्या होत्या. धाकटी तळ्याच्या उतारावर अंथरलेल्या प्लास्टिकवरून घसरली, थोरलीने हात दिला. दोघींनी अक्षरे ताईंच्या अंगणवाडीत गिरवलेली. ताईंना स्वतःला पोहता येत नव्हते. पन्नाशीच्या आसपास त्या भावाच्या विहिरीत, कमरेला ट्यूब बांधून शिकल्या आणि पावसाळ्यानंतर गावच्या सिमेंट बंधाऱ्यावर मुलांना शिकवू लागल्या.

आसेगावकडचे पालक मग मला सांगू लागले, "सर, दिवाळीत पोराले ताईकडं पाठवतो, उन्हाळ्यात तुमच्याकडं आणतो." म्हणजे पहिली इयत्ता ताईंची आणि दुसरी माझी! उणिवा शोधायच्या म्हणूनच मी एकदा बंधाऱ्यावर गेलो. पाहतो तर मुले पाण्यात नव्हतीच. काठावर बादल्या मांडून त्यांत तोंड बुडवून बुडबुडे काढत होती. खोली कळावी म्हणून पाण्यात लाल पट्टे मारलेला बांबू रोवलेला, मुलांच्या छातीएवढ्या पाण्यापुढे कोणी जायचे नाही म्हणून आडवा दोर ताणलेला. एका वेळी पाण्यात सहाच मुले, आणि प्रत्येकाची आई काठावर, नजर त्याच्यावर. पोहायचे हात-पाय शिकवण्याआधी ताई पाठीवर तरंगायला शिकवत, आणि दुसरा बुडत असेल तर ओरडायचे, काहीतरी फेकायचे, पण आपण उतरायचे नाही, हे रोज घोकून घेत. मला एकही चूक सापडली नाही. ताई स्वतः पोहल्या तेव्हा मात्र हात वाकडे पडत होते, पाय खाली जात होते. ते पाहून मला बरे वाटले. ताईंच्या साठीच्या या गौरवग्रंथात असे लिहू नये, पण खोटे तरी कशाला लिहू?

खरा घाव घरातच बसला. माझी मुलगी प्राजक्ता सहा वर्षांची असताना भीती मोडावी म्हणून मी तिला तलावात ढकलले होते. त्यानंतर कित्येक वर्षे ती पाण्याजवळ फिरकली नाही. एका दिवाळीत ती आसेगावला मावशीकडे राहून आली आणि म्हणाली, "पप्पा, मले तरंगता येते. ताईनं शिकवलं."

"माह्याकडं काहून नाही शिकली?"

"तुमी शिट्टी वाजवता, पप्पा."

त्या दिवशी मी नीट जेवलो नाही.

पुढच्या वर्षी आम्ही त्याच मावशीच्या, म्हणजे माझ्या साडूंच्या शेतात गेलो होतो. पंपाचा पाइप सोडवायला साडूभाऊ शेततळ्यावर वाकले आणि घसरत थेट खोल पाण्यात गेले. मी उडी मारली. त्यांनी माझी मान धरली. दोघेही खाली गेलो. कसाबसा सुटलो, त्यांची कॉलर धरून कडेला आलो, तर उतारावरचे प्लास्टिक शेवाळाने बुळबुळीत झालेले. पाय ठरत नव्हता. दोनदा चढायला गेलो, दोनदा परत पाण्यात. दम संपत आला. तीन पदकांचा धनी मी, आणि आता आपण मरणार हे मला स्वच्छ दिसत होते.

"पप्पा, चढू नका! पाठीवर पडा! काका, तुमीबी!"

प्राजक्ता काठावर पालथी झोपली होती, मावशीने तिचे पाय धरले होते. तिने फवारणीचा रिकामा कॅन दोराला बांधून फेकला. तो साडूंच्या छातीशी आला. तिच्या हाकांनी धावत आलेल्या गड्यांनी आधी त्यांना ओढले, मग पाठीवर तरंगत राहिलेल्या मला.

दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन मी ताईंकडे गेलो. सगळे ऐकून त्यांनी एकच विचारले, "पोरगी पाण्यात त नाही उतरली ना?"

"नाही."

"मंग झालं." त्यांनी चहा ठेवला. माझ्या उडीबद्दल त्या तेव्हा काही बोलल्या नाहीत, नंतरही कधी बोलल्या नाहीत. निघताना म्हणाल्या, "सर, तुमचं पोहणं लय सुंदर आहे. माह्ये हात वाकडे पडतात, पोरं तेच शिकतात. तुमी येता का बंधाऱ्यावर?"

तेव्हापासून दर दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांचा मदतनीस आहे. शिट्टी घरी ठेवतो. हेवा गेला असेल असे वाचकांना वाटेल, पण तो जवळून आणखी वाढला. यंदा एका चिमुरडीला मी पाठीवर धरले होते. माझे हात भक्कम, पाणी जेमतेम कमरेएवढे, तरी तिचे अंग ताठच. शेवटी म्हणाली, "तुमी सोडा, ताईले बोलवा." मी हाक मारली. ताईंनी मानेखाली नुसती दोन बोटे लावली आणि पोर सैल होऊन तरंगू लागली. मी पाहत उभा राहिलो.

ताई आता साठ वर्षांच्या झाल्या. गुडघे दुखतात, पाण्यातून वर येताना कुणाचा तरी हात लागतो. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि अजून कितीतरी पोरे त्यांच्या दोन बोटांवर तरंगोत. माझा हेवा मी सांभाळीन, त्यांनी फक्त तब्येत सांभाळावी.