सोमलाच्या पुड्या

लग्न होऊन मी पिंपरी पेंढारला आले, तेव्हा कोपरांवर आणि गुडघ्यांवर सोरायसिसचे चट्टे होतेच. नवऱ्याला ठाऊक होतं, सासूला नव्हतं. महिन्याभरात तिने माझं ताट वेगळं केलं आणि पिठाला हात लावायला बंदी घातली.

"घरात लेकरं हाईत. त्यांना व्हईल," ती म्हणाली.

हा लागणारा रोग नाही, हे मी किती वेळा सांगितलं. तिने ऐकलं नाही. नवरा पेपरात तोंड घालून बसायचा.

वारूळवाडीला एक औषधवाला होता. सासूनेच मला त्याच्याकडे नेलं. राखाडी पुड्या, सकाळ-संध्याकाळ मधातून. चट्टे खरंच उतरले आणि तिने गावभर स्वतःचं कौतुक करून घेतलं. मी पुडी गिळेपर्यंत ती समोरून हलायची नाही. अशी आठ-नऊ वर्षं गेली.

पुढे तळहातांवर बारीक टणक पुटकुळ्या आल्या. मग कमरेच्या मागे एक लालसर चट्टा उठला. मलाही तो सोरायसिसच वाटला. पण अधूनमधून उठणारे बाकीचे चट्टे साध्या मलमाने फिके पडायचे, हा मात्र पसरत गेला. एक दिवस लुगड्याला रक्त लागलं.

"पथ्य मोडलं आसशील," सासू म्हणाली आणि पुड्या दुप्पट केल्या.

मी कुणाला न विचारता, एक पुडी पदराला बांधून, एस.टी.ने मंचरला कातडीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी तळहात पाहिले, मग कंबर. चट्ट्याचा तुकडा तपासायला पुण्याला पाठवला. कातडीचा कॅन्सर निघाला.

"सोरायसिसमुळे झाला का?" मी विचारलं.

"सोरायसिस असलेल्यांना धोका थोडा जास्त असतो. वेगळा वागणारा चट्टा लगेच दाखवायचा असतो. पण तुमचे हात बघून मला या पुडीचा संशय येतोय. यात सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष असणार. वर्षानुवर्षं पोटात गेलेला सोमल असाच बाहेर येतो."

ऑपरेशन झालं. वेळेत निघाला, असं ते म्हणाले. सासू दवाखान्यात आली आणि खाटेशी बसून म्हणाली, "म्या तुझ्या भल्यासाठीच केलं व्हतं." मी भिंतीकडे तोंड फिरवलं.

दोन वर्षांनी शेजारच्या पोरीला चट्टे उठले. सासू तिच्या आईला घेऊन वारूळवाडीला जाऊन आली, हे मला जावेकडून कळलं. मी तशीच त्यांच्या घरी गेले. पुड्या फळीवर होत्या. पोरीच्या आईसमोर मी कमरेवरचा पदर बाजूला केला आणि चार बोटं लांब व्रण दाखवला.

"हे त्याच पुडीचं हाय. पोरीला मंचरला न्या."

तेवढ्यात सासू दारात आली. "माझं नाव घालवायला आलीस व्हय?"

"व्हय," मी म्हणाले.

पोरीची आई एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. मग तिने पुड्या उचलून माझ्या हातात दिल्या. त्यानंतर सासू माझ्याशी बोलली नाही. मलाही तिच्याशी बोलायचं नव्हतं.