मास्तरीणबाईंचा मुंढा

शिंप्याच्या दुकानात मास्तर पुढे आणि मास्तरीणबाई पडद्यामागे, हे लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी ठरून गेलं होतं. मास्तर गिऱ्हाइकाला टेप लावून मापं मोठ्यानं सांगत. आत मास्तरीणबाई ती लिहून घेत आणि फटीतून माणूस बघत. कुणाचा उजवा खांदा उतरलाय, कोण पोट आत ओढून उभा आहे, हे टेपला कुठलं कळायला! कापड त्या बेतत, शिवत मास्तर. टीप त्यांची सुरेख, पण कात्री हातात घेतली की घाम फुटायचा. बाहेर नाव झालं ते मात्र मास्तरांच्या कटिंगचं. पुरुषाचा कोट बाईनं बेतलाय म्हटल्यावर कुत्रंसुद्धा फिरकणार नाही, असं सासूबाई म्हणाल्या होत्या, आणि तेव्हा ते खरंही होतं.

बावीस वर्षांनी कोटांच्या कारखान्यातल्या मॅनेजरबाई नवऱ्याचा कोट न्यायला आल्या. कोट उलटा करून त्यांनी मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो गोल, बोटांनी चाचपला.

"हा कुणी बेतला?"

"मीच," मास्तर म्हणाले. जीभ सवयीनंच वळली.

"आम्हाला कटिंग मास्तर हवाय. गुरुवारी अकराला या, समोर बेतून दाखवा. बायकाही घेतो आम्ही हल्ली, पण असा हात असलेली एक भेटेल तर शपथ!"

आत मास्तरीणबाईंनी इस्त्री उभी करून ठेवली. मॅनेजरबाई पायऱ्या उतरल्यावर त्या बाहेर आल्या.

"मी जाऊ?"

"आणि काय सांगशील? नवरा बावीस वर्षं थापा मारत होता?"

"तसं कशाला? मलाही येतं, एवढंच सांगेन."

"कात्री धरलीस की हाच मुंढा निघणार. त्या काय आंधळ्या आहेत? चौकाचौकात बोभाटा होईल. मग दुकानाची पायरी कोण चढेल?" मास्तर स्टुलावर टेकले. आवाज उतरला. "माझी पाठ बघतेस ना? मशीनवर आणखी किती बसू? तू शिकव मला. सहा दिवस आहेत."

शिकवणी सुरू झाली.

"इथे किती सोडायचं?"

"कापड बघून."

"कापड बोलतं का?"

"तुमच्याशी नसेल बोलत."

दोघंही हसले. पण बुधवारपर्यंत तीन मीटर कापड वाया गेलं. शेवटी ठरलं, जाड कागदाचा फर्मा करून द्यायचा. मास्तरांनी तो कापडावर ठेवून खडू फिरवायचा. सगळेच मास्तर आपापले फर्मे बगलेत घेऊन फिरतात. कुणाला वावगं वाटणार नव्हतं.

फर्मा कापताना मास्तरीणबाईंनी मुंढा मुद्दाम अर्धा इंच खाली उतरवला. एवढ्यानं हात उचलला की अख्खा कोट वर आला असता. मास्तरांच्या काही लक्षात आलं नाही. उद्या हात हलवत येतील, मग मीच जाईन, असं मनाशी म्हणत त्या स्वयंपाकाला लागल्या. भाजी चिरताना तो अर्धा इंच डोळ्यांसमोरून हलेना. मॅनेजरबाई तो मुंढा चाचपतील आणि खाली ठेवतील. नाव मास्तरांचं जाईल, हे ठीक. पण मुंढा मास्तरीणबाईंचा होता.

गुरुवारी सकाळी मास्तर आंघोळीला गेले, तेव्हा मास्तरीणबाईंनी नवा कागद घेऊन फर्मा पुन्हा कापला. नीट.

दुपारी मास्तर चपला न काढताच आत आले. "मिळाली! सोमवारपासून. दुकान आता बंदच करू. तूही सुटलीस बघ."

"आणि तिथलं बेतायचं कोण?"

"फर्मे तूच देशील की करून. घरबसल्या." त्यांनी खिशातून यादी काढली.

"माणूस कसा आहे? खांदे?"

"अगं, कारखान्यात माणसं कुठली? साइझ असतात. छत्तीस, अडतीस, चाळीस. सगळ्यांचे खांदे सारखे."

मास्तरीणबाईंनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. मग त्यांनी जाड कागदाची गुंडाळी जमिनीवर सोडली आणि चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवली.

"आधी कुठला हवाय?"

"छत्तीस," मास्तर म्हणाले.