वहिनीचं शिक्षण

बहात्तरच्या दुष्काळाला दोन वर्षं झाली असतील. वडिलांनी माझा हात एसटीच्या दारातल्या दांड्यावर ठेवला आणि म्हणाले, "दादाकडं जाऊन शीक. हितं राह्यलास तर लोक तुला ओसरीवर बसवून ठेवतेत." मॅट्रिक झालो त्याच उन्हाळ्यात तापात माझे डोळे गेले होते. गाडी सुटेपर्यंत वडील पत्र्यावर थाप मारत राहिले, ते अजून उभे आहेत हे मला कळावं म्हणून. गावाकडच्या मंडळींनो, तुमच्यातले बरेच जण तेव्हा तिथं होतात.

दादा कंपनीत लेथवर होता, कासारवाडीला एका खोलीत राहायचा. त्यानं मला कॉलेजात घातलं. आंधळ्यानं शिकायचं कसं, हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. वर्गात बसा, बाकी तुमचं तुम्ही बघा, असं प्राचार्य म्हणाले. ते बघितलं वहिनीनं. ती सातवी पास. दुपारची भांडी आवरली की अर्थशास्त्राचं पुस्तक घेऊन बसायची, जोडाक्षराला अडखळायची आणि चलनवाढ म्हणजे महागाईच ना भाऊजी, असं विचारून पुढं जायची. वर्षभरात अर्धं पुस्तक माझ्याआधी तिला पाठ झालं. मला तिचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

परीक्षेत मी सांगायचं आणि तिनं लिहायचं, असं ठरलं. लेखनिकाचा अर्ज दादानं सेकंड शिफ्टला जाता जाता भरून दिला.

पहिल्या पेपरला वहिनी लग्नातली साडी नेसून आली. पर्यवेक्षकांनी अर्ज वाचला. नियमाप्रमाणे लेखनिक विद्यार्थ्यापेक्षा कमी शिकलेला लागतो, म्हणाले, आणि अर्जात तर या बाई बी.ए. आहेत.

"न्हाई हो साहेब," वहिनी म्हणाली, "मी सातवी पास हाय."

त्यांनी दाखला मागितला. दाखला तिच्या माहेरी, ट्रंकेत. कमी शिकल्याचा पुरावा तिच्याकडं आयुष्यात पहिल्यांदाच कुणी मागत होतं. घंटा झाली, सगळे लिहायला लागले आणि आम्ही दोघं बाहेर आलो. वहिनी रडली. मला रडूही आलं नाही.

"शिकलेली दाखवली तर लवकर मंजूर करतील वाटलं," दादा घरी म्हणाला. "सातवी लिहायला हात धजंना रे."

त्याच्यावर काय रागवायचं? साहेबापुढं कमी दिसायचं नाही, एवढंच तो या शहरात शिकला होता. पुढच्या वर्षी बसू म्हणालो, पण वहिनी बाळंतपणाला गेली, मग एका मुलामागं दुसरं. मला वाचून दाखवायला कुणाला सवड उरली नाही आणि कॉलेजातून नाव कमी झालं. निगडीला एका दुकानात वेताच्या खुर्च्या विणायला लागलो. आजही तेच करतो. बोटं चिरतात, बाकी तक्रार नाही, असं मी सांगतो. तक्रार आहे, पण कुणाकडं करू?

दादानं यातलं काही गावाला कळवलं नाही. उलट तीन वर्षांनी मी बी.ए. झाल्याचं पत्र टाकलं. वडिलांनी गावभर पेढे वाटले, शाळेतल्या नोकरीसाठी मास्तरांकडं शब्द टाकला. वडील गेले तेव्हाही मी गावाला आलो नाही. इतक्या माणसांत कुणीतरी बी.ए.चं विचारलंच असतं.

तुम्ही सारखं विचारता, गाव विसरलास का? हे मी सांगतोय आणि वहिनी लिहून घेतेय. पुढचं सांगू नका म्हणते, पण मी ऐकत नाही. सगळ्या दुनियेत मी बी.ए. होतो तो फक्त तुमच्याजवळ. माझं घर ते एवढंच होतं. हे वाचलंत की तेही उरणार नाही.