ते राह्यलं, साहेब
जुन्या कपाटात परवा कार्बन पेपर सापडला आणि त्याच्या तेलकट वासासरशी मला चामोर्शीच्या रेस्ट हाउसमधली ती दुपार आठवली. ख्रिस्ती मिशनच्या एका वसतिगृहात तिथल्या फादरकडून मुलांवर अत्याचार झाले होते, त्याची जाहीर चौकशी चालली होती आणि मी जबाब टाइप करत होतो. खिडकीबाहेर सागाची वाळकी पानं पडत होती. एका मुलीचा बाप समोर उभा होता, खुर्ची दिली तरी बसेना. तो म्हणाला, "सुट्टीत आली का रडे, जात नाई म्हणे. मीच तिले दरखेपी एसटीत बसवून दिलं. सांगतलं, फादरचं ऐकजो, ते म्हणतीन तसं करजो." चौकशी घेणाऱ्या साहेबांनी मला खूण केली, हे शेवटचं घेऊ नका; त्यांना त्या माणसाला जपायचं होतं. मी जबाब वाचून दाखवला आणि शाईचा पॅड पुढे केला. त्यानं हात मागे घेतला. "मी तिले काय सांगतलं ते राह्यलं, साहेब," तो म्हणाला, "ते लिहा." मी ते लिहिलं, तेव्हाच त्यानं अंगठा दिला. हल्ली नातीला शाळेत सोडायला जातो, तर फाटकाशी सगळे आपापल्या लेकरांना सांगत असतात, बाईंचं ऐक. मी नुसतं तिचं दप्तर सरळ करतो.