आत्याकडच्या अर्ध्या नोटा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असे कुणी विचारले तर मी माझ्या आत्याचे नाव सांगेन. तिचे खरे नाव तिसगावात फारसे कुणाला ठाऊक नव्हते. सारे तिला फुटाणेवाली म्हणत. ती लहानपणीच विधवा होऊन भावाकडे, म्हणजे आमच्याकडे, आलेली. घरामागे भट्टी लावून, तापलेल्या वाळूत हरभरे भाजून ती आठवड्याच्या बाजारात विकायला बसे. मी नगरच्या हायस्कुलात शिकलो तो त्या फुटाण्यांवर.

माझे वडील, आबा, बाजारात धान्याची पोती उचलत. त्यांचा फक्त चांदीच्या रुपयावर विश्वास होता. दगडावर आपटून खणखणला तर तो रुपया. दुसऱ्या महायुद्धात सरकारने एक रुपयाची कागदी नोट काढली, तेव्हा ती हातात धरून ते आत्याला म्हणाले, "आक्का, हे वाजत न्हाई. मग हे खरं का खोटं, कळायचं कसं?"

आत्या म्हणाली, "देणाऱ्याच्या तोंडाकडं बघून."

पुढे चांदीचे रुपये बाजारातून नाहीसे झालेच, पण आणे-पैसेही मिळेनात. दुकानदार सुट्या पैशांऐवजी सुपारी नाहीतर काड्यापेटी हातावर ठेवीत. आत्याची तर पंचाईतच झाली. आण्याचे फुटाणे घ्यायला माणूस अख्खी नोट घेऊन येई.

मग तिने एक युक्ती काढली. तशी दुसरीकडे कुणी केल्याचे मी ऐकलेले नाही. गिऱ्हाइकाची नोट ती मधोमध दुमडायची, घडीवर ओले बोट फिरवायची आणि नोटेचे दोन तुकडे करायची. अर्धी आपल्याकडे, अर्धी गिऱ्हाइकाकडे. रुपयाचे फुटाणे खाऊन होईपर्यंत गिऱ्हाइकाने दर बाजारी न्यायचे. रुपया पुरा झाला की त्याने आपली अर्धी आणून द्यायची, आणि आत्या दोन्ही तुकडे खळीने चिकटवून नोट वापरायची. तोवर नोट ना तिची ना त्याची. दोघांपैकी कुणालाच फसवता येत नव्हते.

"राजा पाहिजे का दुसरी बाजू?" ती विचारायची. बहुतेकांना राजाचा चेहरा असलेली बाजू हवी असे. बाजारात बांगड्यांचे दुकान मांडणारी कासारीण मात्र म्हणाली होती, "राजा ठेव तुझ्याकडं. मला घरातला एक बास झाला." सगळा बाजार हसला होता.

मी मॅट्रिकला बसायच्या वर्षी फॉर्मची फी भरायची तारीख जवळ आली, तेव्हा आत्याच्या पत्र्याच्या डबीत बहुतेक अर्ध्याच नोटा होत्या. मी दोन दिवसांसाठी गावी आलो होतो. आत्याने रात्रंदिवस भट्टी पेटवली आणि ज्याचे जेवढे उरले होते तेवढे फुटाणे एकदम पोचवायला आम्ही दोघे घरोघर निघालो. लोकांनी फुटाणे घेतले आणि आपापली अर्धी आणून दिली. कुणी पोथीतून काढली, कुणी देवघरातून.

दोनच राहिल्या. एका शिपायाच्या बायकोकडची अर्धी तिचा नवरा रजेवरून पलटणीत परत जाताना कोटाच्या खिशात विसरून घेऊन गेला होता. आणि कासारीण परगावी लग्नाच्या बांगड्या भरायला गेली होती. फीला एक रुपया कमी पडत होता.

वडिलांकडे चांदीचे काही रुपये होते, हे मला माहीत होते. पण ते सारखे म्हणत, "चांदी मोडून शाळा न्हाई शिकायची." मी मागितला असता तर कदाचित त्यांनी दिलाही असता. पण मी मागितला नाही.

आत्याने शिपायाच्या बायकोच्या नोटेची आपल्याकडची, राजा नसलेली बिनजोडीची अर्धी माझ्या हाती दिली. "नगरला कुटं बदलून मिळती का बघ," ती म्हणाली आणि पाणी आणायला गेली. डबी उघडीच होती. कासारणीची राजाची बाजू वरच पडलेली होती. ती मी उचलली. भाच्याला आत्याच्या डबीला हात लावायची मनाई कधीच नव्हती, म्हणूनच ते इतके सोपे गेले.

नगरला खोलीवर मी दोन वेगवेगळ्या नोटांच्या त्या दोन अर्ध्या पात्याने कापून सारख्या केल्या आणि मागे पातळ कागद लावून चिकटवल्या. ती नोट गड्डीच्या मधे घातली. कारकुनाने बोटाला थुंकी लावून नोटा मोजल्या आणि पावती फाडून दिली. मला वाटले होते, सुटल्यासारखे वाटेल. मी शाळेच्या फाटकापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. परीक्षेपर्यंत वाचताना दर पानावर मला ती चिकटवलेली रेघ दिसायची.

परीक्षा झाल्यावर मी घरी आलो. बाजारात आत्याशेजारी बसलो होतो. कासारीण आली.

"फुटाणेवाले, जावई आलाय. माझी नोट जोडून दे. हे घे चार आणे, खाल्लेल्याचे, कसेबसे जमवलेत."

आत्याने डबी उपडी केली; मधल्या काळात तीत नव्या अर्ध्या साठल्या होत्या. दोनदा सगळे तुकडे पाहिले. "हितंच हुती गं. उंदरानं नेली असंल."

"उंदराला बी राजाच आवडला व्हय?" कासारीण म्हणाली. आजूबाजूचे हसले. मग तिचा आवाज चढला. "का दुसऱ्या अर्धीला जोडून खपवलीस? पुतण्या का भाचा, नगरला शिकतोय न्हवं? लई पैसा लागतो म्हनं."

"पोराचं नाव काढू नगंस," आत्या म्हणाली. "माझ्या हातनं हरवली. माझी चूक हाय." तिने एक अख्खी नोट काढून कासारणीला दिली.

मी तिथेच बसलो होतो. तोंड उघडायला मला वेळ पुष्कळ होता.

दुपार कलायच्या आत बाकीची गिऱ्हाइके आली. कुणी रागावले नाही. "आमची अर्धी दे, आमीच जोडून घेतो," एवढेच म्हणाले. आत्याने एकेकाचा तुकडा ओळखून परत दिला. त्यानंतर तिच्याकडे कुणी अर्धी नोट ठेवली नाही. वडील म्हणाले, "कागदच तो."

तिने मला कॉलेजातही शिकवले. कसे, ते मला धड ठाऊक नाही. आमच्या घरात मी पहिला बी. ए. झालो. निकाल लागला त्या दिवशी मित्र पेढे वाटत होते आणि मी खोलीत येरझारा घालत होतो. शेवटी बसलो आणि आत्याला पुढील पत्र लिहिले.

"आत्या,

मी पास झालो. हे आधी लिहितो, कारण पुढचे ऐकून तुला वाईट वाटेल.

कासारणीची अर्धी उंदराने नेली नाही. तू पाण्याला गेलीस तेव्हा मी ती डबीतून काढली. शिपायाच्या बायकोच्या अर्धीला जोडून फीमध्ये भरली. कासारीण जे म्हणाली तेच खरे होते, फक्त ते मी केले होते. भर बाजारात तू चूक आपल्या अंगावर घेतलीस आणि मी शेजारी बसून ऐकले.

मी सोबत पैसे पाठवलेले नाहीत. पाठवले तर तू ते घेशील, मला माफ करशील आणि कुणाला काही सांगणार नाहीस. तसे करू नकोस.

हे पत्र तुला कुणाकडून तरी वाचून घ्यावे लागेल. घरी वाचून घेऊ नकोस. बाजाराच्या दिवशी, कासारणीच्या दुकानापुढे, लोक असताना वाचून घे. आबांनाही तिथे बोलाव. मी स्वतः येऊन सांगायला हवे होते. दोनदा नगरच्या स्टँडपर्यंत जाऊन परत फिरलो, म्हणून लिहितो आहे.

जो कुणी हे वाचत असेल त्याला हात जोडून विनंती, आवाज बारीक करू नये आणि एवढे तरी दोनदा वाचावे: अर्धी नोट फुटाणेवालीने खपवली नाही. तिच्या भाच्याने खपवली."