चौदा तास

डॉक्टरांनी आईला घरी न्यायला सांगितलं, त्याच दिवशी मी टोरंटोला दादाला फोन केला. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला त्याचा निरोप आला: विमानात बसलो.

आईने विचारलं, "मोठा किती वाजता पोचते गा?"

मला प्रत्येक गोष्ट बघून सांगायची खोड. मोबाइलवर दोन शहरांची नावं टाकली. अंतर साडेबारा हजार किलोमीटर, विमानप्रवास चौदा तास. मी ऐटीत सांगितलं, "संध्याकाळी सातला तुझ्यापुढे उभा." ते चौदा तास कावळ्याने सरळ उडावं तसे होते. दोनदा विमान बदलणं, मधे ताटकळणं त्यात धरलेलंच नव्हतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते माझ्यासारख्यासाठीच.

नागपूरचा मे महिना. सक्करदऱ्यातलं आमचं घर भट्टीसारखं तापलेलं, तरी आईने कुलर बंद करायला लावला. "फाटक वाजलं तर ऐकू कसं येईन?" म्हणाली. दिवसभर डोळे उघडायची, घड्याळ बघायची, मिटायची. बायको मला हळूच म्हणाली, "आईचा जीव मोठ्या भाऊजींमधी अडकला."

साडेपाचला दादाचा निरोप आला. दुबईला उतरलो, इथून दिल्ली, मग सकाळी नऊला नागपूर. मी तो तीनदा वाचला. सांगायला म्हणून आईच्या खोलीत गेलो आणि तिचे पाय चेपून परत आलो. चौदाचे अठ्ठावीस झाले, हे कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

सातला तिने विचारलं, "वाजले ना गा सात? काहून नाही आला?"

"विमान उतरलं, आई. सामान घेऊन राहिला."

"मंग आलाच म्हण," ती म्हणाली. तिचा चेहरा सैल पडला. डोळे मिटले ते पुन्हा उघडले नाहीत. साडेसातच्या आत सगळं आटोपलं.

बाई हट्टी होती. सकाळचे नऊ सांगितले असते, तर नऊपर्यंत थांबली असती. डॉक्टर नाही म्हणतात, बायको नाही म्हणते. मला मात्र भर दुपारी, जरा डोळा लागला की, उशाशी तिचा आवाज येतो: काहून नाही आला? मी दचकून उठतो आणि घरात कोणाला काही सांगत नाही.

दादा सकाळी आला. तिच्या पायांवरचं डोकं उचलून त्याने विचारलं, "शेवटी काही बोलली का?"

"'आलाच', म्हणाली."

शब्द तिचेच होते. दादा ढसाढसा रडला. जाताजाता आईला आपण दिसलो, असं तो तेव्हापासून धरून बसला आहे. दर वर्षी तिच्या श्राद्धाला व्हिडिओ कॉलवर सगळ्यांना तेच सांगतो. या वर्षी त्याच्या मुलीने मधेच मला विचारलं, "काका, आजीला खरंच बाबा दिसले होते?"

दादा तिच्या मागे उभा होता. तो माझ्याकडे बघत होता.

मी हो म्हणालो.